इंजिन तापेपर्यंत

आमची कॉलनी घाटाच्या पायथ्याशी आहे. शेजारचे दामले दर रविवारी सकाळी आपली जुनी लाल स्पोर्ट्स कार बाहेर काढतात. कव्हरची घडी घालतात, गाडी सुरू करतात आणि इंजिन तापेपर्यंत तिच्याशेजारी नुसते उभे राहतात. तापमानाचा काटा मध्यावर आला की मगच निघतात. पुढे घाटात मात्र तिला अशी पिटाळतात, की आवाज थेट माझ्या बाल्कनीत येतो.

"या वयात तिला एवढं पळवता?" आज मी वरूनच विचारलं.

"पळवायचंच हो. पळण्यानं नाही बिघडत ती. थंड इंजिनाला घाई केली, की ते आतून झिजतं. बाहेरून पत्ता लागत नाही."

ते गेले. मी चहाचा कप धरून बसून राहिलो. गजर झाला की उठायचं आणि उठलं की धावत सुटायचं, यात माझी सगळी नोकरी गेली. आता निवृत्त झालो तरी सवय जात नाही. तब्येत ठणठणीत दिसते, असं सगळे म्हणतात.

"अहो, आवरा पटकन! साखरपुड्याला उशीर होतोय," आतून बायकोची हाक आली.

घाटातून गाडीचा आवाज आता कुठे यायला लागला होता. मी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि उठलो.