धुतलेल्या गोळ्या

ओट्यावर चाळणी होती. चाळणीत दाबाच्या गोळ्या उन्हात वाळत घातलेल्या. निम्म्या विरघळून जाळीला चिकटलेल्या. मीच दिलेल्या गोळ्या. मला वाटलं, पाणी सांडलं असंल.

फुलंब्रीकडच्या आमच्या गावात मी आशाताई, सरकारी दवाखान्याच्या गोळ्या घरोघरी पोचवणारी. ते घर काकूंचं, गावातलं मोठं घर. काकूंचा रक्तदाब लई, त्यात बोटं वाकडी झालेली. पाकिटातून गोळी निघंना. म्हणून दर महिन्याला मीच एकेक गोळी काढून कागदाच्या पुड्या बांधायची अन् पायरीवर ठेवायची. आत कधी बोलावलं नाय. मी मनावर घेतलं नाय, कारण काकू म्हणायच्या, "तू माझी लेकच हायस." मला माय नाय. भुलले.

"गोळी घेता ना रोज?"

"घेते गं माय."

मी वहीत बरोबरची खूण करायची. दाब काही उतरंना. दवाखान्यातल्या सिस्टर माझ्यावरच डाफरायच्या, "तुला समजून सांगता येत नाही." मी मान खाली घालायची.

त्या सकाळी चाळणीकडं बघत उभी होते, तर काकूंची सून सहज बोलून गेली, "तुमचा हात लागलेला असतो ना. सासूबाई धुऊन घेतात."

काकू दारातच होत्या. म्हणाल्या, "रीतच हाय आपल्यात. वाईट नको वाटून घेऊ."

दोन वर्षं. दोन वर्षं मी त्यांच्या जिवाला जपले, अन् त्या दर महिन्याला माझा हात धुवून टाकत होत्या. औषध पाण्यात गेलं तरी चालंल, जीव गेला तरी चालंल. माझा हात चालणार नाय. अन् वर लेक म्हणायचं. लई जिव्हारी लागलं.

तिथंच ओट्यावर बसले. त्यांच्या नावापुढच्या सगळ्या खुणा खोडल्या. कारणाच्या रकान्यात लिहिलं : गोळी धुतात. माझ्या हाताचा विटाळ.

दवाखान्यात सिस्टर वही वाचून म्हणाल्या, "हे खोड. वरचे साहेब बघतात."

"बघू द्या," म्हटलं.

काकूंना मरू देणार नाय मी. ते माझं काम हाय. उद्यापासून रोज सकाळी जाणार. गोळी माझ्या उघड्या तळहातावर असंल. उचलायची तर तिथूनच, माझ्यासमोर गिळायची. पायरीवर आता काही ठेवणार नाय.