खिडकीतली कॉफी आणि गणिताचा पेपर

आमच्या घरात आजवर कुणी पत्रापलीकडे काही लिहिलेलं नाही. कॉलेजच्या अंकासाठी मी प्रवासवर्णन लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो. शिवाय मी काही जग हिंडलेलो नाही. लोणावळ्याला हॉटेलचं शिक्षण घेता घेता एका वर्षाच्या कामासाठी मायामीला आलो, एवढंच.

मार्चमधल्या एका रविवारी मिर्तामावशी मला ‘लिटल हवाना’ या क्यूबन लोकांच्या वस्तीतला रस्त्यावरचा उत्सव दाखवायला घेऊन गेल्या. त्या आमच्या हॉटेलात भाज्या चिरतात. तरुणपणी क्यूबाहून आल्या. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून ‘मावशी’ निघालं आणि आता अख्खं स्वयंपाकघर त्यांना मावशीच म्हणतं. इंग्रजी दोघांचंही मोडकं, त्यामुळे छान जमतं.

खरं सांगायचं तर माझं मन ठिकाणावर नव्हतं. शनिवारी धाकट्या बहिणीचा, कोमलचा, दहावीच्या गणिताचा पेपर होता. केंद्र कामशेतला, घर आंदर मावळात. मी घरी असतो तर गाडीवर सोडलं असतं. आता शेजारचा संतोष सोडणार होता. आदल्या दिवशी तिचा मेसेज आला होता, “दादा, संतोषदादाची गाडी बंद पडलीये. एसटीचं काय खरं न्हाई.” त्यानंतर काहीच नाही. घरात फोन एकच. रेंज हवी तर टेकावर चढावं लागतं. आई मी निघतानाच म्हणाली होती, “पास झाली तर बघू. न्हाई तर बास झाली शाळा.”

मावशींना हे बसमध्ये सांगितलं. “काळजी करून निरोप येतो का?” म्हणाल्या. “चल, खाऊ.”

वाहनं बंद केलेल्या रुंद रस्त्यावर माणसंच माणसं. कोपऱ्याकोपऱ्यावर ढोल, कर्णे आणि नाचणारे लोक. त्यात व्हीलचेअरवरची एक आजीसुद्धा खांदे उडवत होती. या वस्तीत कोंबडे खुशाल फुटपाथवर फिरतात. एक माझ्या बुटाच्या नाडीवर चोच मारून गेला. ‘ग्वारापो’ (उसाचा रस) प्यालो. आलं नाही, लिंबू नाही, पण चव ओळखीची. ‘क्रोकेता’ (मांसाचं सारण घातलेला तळलेला लांबट वडा) मावशींनी दोनदा खायला लावला.

मावशी एका मैत्रिणीशी बोलत थांबल्या, तेव्हा मी ‘व्हेंतानिता’पाशी (कॉफी विकायची खिडकी) गेलो आणि फळ्यावर बोट ठेवून ‘कोलादा’ मागितला. बाईने फेसाळ, काळ्या, गोड कॉफीचा एक पेला दिला आणि बोटाच्या पेराएवढे पाच रिकामे पेले. हे चुकून जास्त आले असतील म्हणून मी परत देऊ लागलो, तर तिने हात हलवला. टाकवले नाहीत म्हणून खिशात घातले आणि कॉफी उभ्या उभ्या संपवली.

मावशी आल्या. “बाकीची कुठाय?”

“प्यालो.”

“एकट्याने? अरे, ती पाच जणांत वाटून प्यायची असते!”

त्यांनी हे स्पॅनिशमध्ये रांगेला ओरडून सांगितलं. एका आजोबांनी पुढे येऊन माझं मनगट धरलं, नाडी बघितली आणि जाहीर केलं, “हा आता उद्यापर्यंत नाचणार.”

छाती खरंच धडधडत होती. त्यांनी मला ढोलापुढे ढकललं. मला त्यांचा नाच येत नव्हता, म्हणून शाळेतले लेझमीचे हात केले. चार-पाच पोरी माझंच बघून तसं करायला लागल्या. मी लाजून बाहेर पळालो.

परत फोन बघितला. गर्दीत माझीही रेंज गेलेली. अमेरिकेतही तेच!

बाजूच्या गल्लीत मावशींचे ओळखीचे चार म्हातारे खुर्च्या टाकून डॉमिनो खेळत होते, सोंगट्या टेबलावर आपटत. मी फोन वर धरून हिंडतोय बघून एकजण म्हणाला, “त्या पायऱ्यांवर चढ. तिथे लागतो.”

मला हसूच आलं. चढलो. फोन थरथरला. “दादा पेपर दिला.” खाली तिने पाठवलेला आवाज होता, तो काही लवकर उतरेना.

मी धावत खिडकीपाशी गेलो आणि दुसरा कोलादा आणला. खिशातले पाच पेले टेबलावर मांडून चार म्हाताऱ्यांना आणि मावशींना ओतला. “शिकला!” मावशी म्हणाल्या. मी पुन्हा पायऱ्या चढलो. तोवर कोमलचा आवाज उतरला होता.

“काय म्हणते?” मावशींनी विचारलं. मला इंग्रजी सुचेना. म्हणून फोन मोठ्याने लावला. सोंगट्या थांबल्या.

“दादा, आई माझ्यासंगं दुधाच्या टेंपोत आलती. फोन टेंपोत क्यानांमागं पडला, कुणाला दिसलाच न्हाई, तवा तुला कळवता आलं न्हाई. टेंपोवाल्या भाऊंना आज घावला, आत्ता आणून दिला. पेपर लय सोपा गेला. पण कापडांना दुधाचा वास, शेजारची पोरगी नाक धरून बसलीवती. अन् ऐक ना, मी पेपर देऊन भायेर आले, तर आई फाटकापाशी भाऊंना इचारत व्हती, हितलं कालेज कुटं हाय, जाता जाता जरा दावा की.”