पिवळ्या टँगवरचे पांढरे डाग

सिल्वासाला समुद्र नाही, पण आमच्या दुकानात खाऱ्या पाण्याच्या टाक्या आहेत. दमणगंगेकाठच्या रिसॉर्टवाल्यांना रंगीत मासे लागतात. दुकान काकांचं, भावनगरकडच्या माणसाचं. मी शहाद्याकडची, आठवीत शाळा सुटलेली. नवऱ्यामागे इकडे आले तेव्हा नरोलीत एका कँटीनमध्ये काम मागायला गेले होते. हातांवरचं कोड बघून त्यांनी दारातूनच परत पाठवलं. काकांनीही हात बघितले. म्हणाले, "खारं पाणी झोंबतं का? नाही ना? तो कालथी आव." म्हणजे उद्यापासून ये. हे उपकार मी विसरायची नाही.

गेल्या वर्षी काका लग्नासाठी गावी गेले आणि दुकान माझ्यावर सोपवलं. नेमका तेव्हाच मुंबईच्या मालात तो मासा निघाला. चपटं अंग, पुढे आलेलं तोंड, शेपटीजवळ चाकूच्या पात्यासारखा काटा. सगळी ठेवण पिवळा टँग म्हणतात त्या जातीची. पण अंगभर पांढरे डाग, चुना उडाल्यासारखे. नवा मासा म्हणून वेगळ्या टाकीत सोडला.

ज्याच्यासाठी मागवला तो रिसॉर्टचा मॅनेजर बघायला आला.

"ताई, याला तर कोड फुटलंय! बाकीच्यांना लागेल ना."

माझे दोन्ही हात तेव्हा टाकीत होते, कोपरापर्यंत. त्याची नजर तिथे गेली आणि तो मोबाईल बघायला लागला.

"कोड लागत नसतं, भाऊ," मी म्हटलं. "माशाचंही नाही नि माणसाचंही नाही."

तो गेल्यावर मात्र मी मुंबईच्या होलसेलवाल्याला फोन लावला.

"अगं, पांढरं दिसतंय ना? मग रोगच तो. तांब्याचं औषध टाक आणि मोकळी हो."

ते औषध कडक. प्रवासाने दमलेला मासा त्यानेच मरायचा. आणि खरंच रोग असला, तर औषधावाचून मरायचा. मला भीती दुसरीच होती. मी माशाची बाजू घेत होते, की माझीच?

म्हणून काकांनी शिकवलेलं धरून बघत बसले. रोगाचे ठिपके मिठाच्या कणांसारखे वर आलेले असतात. मासा दगडाला अंग घासतो, खाणं सोडतो. टाकीवरचा निळा दिवा बंद करून नीट दिसावं म्हणून पांढरा लावला. डाग सपाट होते. रोज सकाळी फोटो काढून कालच्याशी ताडून बघितला, कडा जागच्या जागी. आणि खायला शेवाळाची पट्टी लावली की पठ्ठ्या क्लिपसकट ओढायचा.

होलसेलवाल्याचा पुन्हा फोन. "मेला तर शेठला काय सांगशील?"

"औषध मी टाकलं नाही, हेच सांगेन."

फोन ठेवला. औषधाची बाटली उघडली नाही.

काका आले. चष्मा पुसून बराच वेळ काचेला नाक लावून उभे राहिले. "पिवळा टँगच छे, दुसरं काही नाही. पांढरं कशाने, ते मलाही नाही माहीत. खातोय ना? बस."

आणखी काही आठवडे वेगळा ठेवून आम्ही त्याला मोठ्या टाकीत सोडलं. मॅनेजरने पूर्ण पिवळा दुसरा नेला. नेऊ दे. मी काचेवर मार्करने लिहिलं, 'पिवळा टँग'.

काका म्हणाले, "खाली डागवाला एवढं तरी लिही, बेटा. लोक विचारत बसतील."

"विचारू देत," मी म्हटलं. "मी दिवसभर इथेच असते."