मी वाइन तपासतो

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि पाहुणीची वाइन पाहुणीच्या आधी अर्धी संपवणाराही मीच.

कळंबजवळच्या एका रिसॉर्टमध्ये वाढपी म्हणून काम करता करता मी बी.ए. झालो. परीक्षेच्या दिवसांत मालकीण मॅडम मला न मागता सुट्टी देत. वाइनचा वास कसा घ्यायचा, ग्लास तिसरा हिस्साच का भरायचा, हेही त्यांनीच शिकवलं. यंदा वाइनच्या थंड खोलीची किल्ली कोणाकडे द्यायची, असा प्रश्न होता. मॅडमनी सात वर्षं जपलेली एक पांढरी वाइन माझ्या हाती ठेवली. म्हणाल्या, "रविवारी तुझ्याकडे जेवायला येते. ही तू वाढायचीस. मग किल्लीचं ठरवू."

रविवारी आई कोलंबीच्या कालवणात गुंतली होती. मी अकरा वाजताच बाटली उघडली. (पाहुण्यासमोर उघडायची असते, हे मला पाठ होतं. पण आत खराब निघाली तर?)

"पाव्हणी यायची हाय, अन् तू आधी उष्टी करतोस व्हय रं?" आईने विचारलं.

मी बाटलीला तोंड लावत नाही, पेल्यात घेतो, तपासणी म्हणतात याला, असं मी तिला समजावलं. पहिला घोट घेतला आणि घाम फुटला. नुसता आंबटपणा, वास शून्य. सात वर्षं जगलेली वाइन आमच्या फ्रिजमध्ये एका रात्रीत वारली!

पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली. आता लिंबाची साल होती. थंडी उतरत होती, तशी वाइन बोलायला लागली होती. मग पेंढ्यातल्या पिकत्या आंब्याचा वास आला. मग भाजलेला काजू. मग मध. आमच्या घरी जेवण म्हणजे गरम आहे तोवर संपवून कामाला पळणं. एका चवीपाशी इतका वेळ मी आयुष्यात बसलो नव्हतो. सुखच वाटलं. पण दर वेळी नवी चव, आणि प्रत्येक चवीची खात्री करणं भाग! शेवटी बाटलीकडे पाहिलं, तर ती अर्धी. मला जमीन थोडी तिरकी वाटली, म्हणून तोंड धुवायला गेलो.

परत आलो तेव्हा मॅडम पाटावर बसल्या होत्या आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. मला आधी आनंदच झाला. म्हणजे अर्धी झाल्याचा मला भासच झाला होता तर! नीट तिसरा हिस्सा ओतला. मॅडमनी ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"दिनेश, यात काय आहे?"

दारातून आई म्हणाली, "माठातलं पाणी हाय, बाई. पाव्हण्यांफुडं अर्धी बाटली कशी ठिवायची? मानसं वाढली का आमटीत घालतो, तसं घातलं."

माझी किल्ली त्या माठात बुडाली. मी सगळं कबूल केलं, तपासणीची वेळ आणि घोट यांसकट. मॅडमनी एवढंच विचारलं, "पाणी पडायच्या आधी काय काय सापडलं?" मी लिंबाच्या सालीपासून मधापर्यंत सांगत गेलो. काजू दोनदा सांगितला.

"सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि कालवणाकडे वळल्या.

सोमवारी किल्ली मला मिळाली. खोलीच्या दारावर मॅडमनी त्याच दिवशी दुसरं कुलूप बसवलं, आणि त्याची किल्ली स्वतःकडे ठेवली.