शोभाच्या पातेल्यावरचं नाव

किस्से मुद्दाम कोण साठवतं हो? गेवराईच्या बाजारात अप्पांचं भांड्यांचं दुकान, त्याला लागून माझं वह्या-पेनांचं, अन् मधी नुसती फळ्यांची भिंत. तिकडं काय बी झालं की इकडं ऐकू येणारच. कानात बोळे घालून धंदा करू का?

तर लग्नाच्या भांड्यांवर नावं टाकायचं काम अप्पांकडं वर्षानुवर्षं महबूबचाचांचं. छिन्नीनं कोरायचे, अन् झालं की नावावरून अंगठा फिरवून तपासायचे. पुढं त्यांची नजर गेली, हात कापायला लागले. नेमकं तेव्हाच अप्पांच्या शोभाचं लग्न जमलं. पोरगी हटूनच बसली, "माझ्या भांड्यांवर चाचांचंच अक्षर पाहिजे. न्हाईतर कोरी भांडी नेते!"

अप्पांना मशिनींचा लई नाद. भंगारातल्या प्रिंटरच्या मोटरी जोडून त्यांनी एक टेबल बनवलं होतं. त्यावर कोरायचा पेन आपोआप सरकायचा. म्हणजे, सरकायला पाहिजे होता! त्याला चालवायला कॉम्प्युटर लागणार अन् कॉम्प्युटरात प्रोग्रॅम. कोणता कॉम्प्युटर, कोणता प्रोग्रॅम? तिथून जो घोळ सुरू झाला!

*

कॉम्प्युटर बघायला औरंगाबादला मी बी संग गेलतो. दुकानदारानं विचारलं, "कशासाठी पाहिजे? हिशेबाला का पोरांना गेम खेळायला?"

"पातेल्यावर नाव टाकायला."

मग त्यानं उठून एक कलर प्रिंटर दाखवला.

अप्पांनी तो सगळीकडून निरखला. "ह्याच्यात पातेलं कुठून घालायचं?"

*

अप्पांचा मेव्हणा सुरेश बीडला कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. त्यानं दोन प्रोग्रॅम आणले. एक रंगीत, चित्रांचा. दुसरा डॉसचा, नुसता काळा पडदा. "दाजी, आता जमाना रंगीतचा हाय," म्हणाला. झालं! नवाकोरा मल्टिमीडिया कॉम्प्युटर आला, स्पीकरसकट.

पहिली चाचणी म्हणून ताटावर एक सरळ रेघ मारायची ठरली. सुरेशनं माऊस हलवला की पेन अडखळायचा. पडद्यावरच्या घड्याळाचा काटा फिरला तरी अडखळायचा. म्हणे कॉम्प्युटर एका टायमाला धा कामं करतो, म्हणून रेघेकडं लक्ष न्हाई. चाचा शेजारीच बसले होते. त्यांनी रेघेवर अंगठा फिरवला.

"अप्पा, माझ्यापेक्षा ह्याचाच हात जास्ती कापायलाय की!"

*

मग सुरेशच म्हणाला, "काळ्या पडद्याचाच घेऊ. तो एका टायमाला एकच काम करतो. पण त्याला जुना कॉम्प्युटर बरा."

क्लासात एक जुनं खोकं धूळ खात पडलं होतं. अप्पांनी नवा कॉम्प्युटर तिथं दिला अन् ते खोकं उचलून आणलं. अप्पांच्या मंडळींनी, आमच्या वहिनींनी, कपाळावर हात मारला.

"जन्मभर लोकांची जुनी मोड घेतली अन् नवी भांडी दिली. आता नवं देऊन मोड आणली व्हय? कावून?"

अप्पांना बी नीट सांगता येईना. मला विचाराल तर मला अजून कळलेलं न्हाई.

*

आता त्या खोक्याला मराठी कुठून येणार? अक्षराचा एकेक ठिपका मोजून द्यायचा. अन् चाचांचा हात तर थरथरतोय. मग अप्पांना आठवलं, चाचांचं अक्षर तर गल्लीत घरोघरी हाय! यशोदाबाईंच्या तांब्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, 'शो' उमटला. 'भा' साठी भागीरथीकाकूंच्या दारात गेलो.

"काकू, तुमचा भा पाहिजे."

काकूंनी पदराला हात पुसले. "न्या की. पण उद्याच्याला परत आणा."

माझ्या दुकानातल्या आलेख वहीवर ते अक्षर ठेवून मी चौकोन मोजत बसलो. डोळे गेले माझे!

*

मोजमाप आम्ही मिलिमीटरात दिलं. प्रोग्रॅम परदेशातला, तो समजला इंच! पेन निघाला तो थांबेचना. पातेलं संपलं, टेबलाचा सनमायका खरडला, तरी 'शो' चालूच. अप्पा ओरडायले, "बंद कर बे सुरेश!" सुरेश म्हणतोय, "कोणतं बटन?"

शोभाचं सासर उमापूरचं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "जाऊ द्या त्याला. सासरपस्तोर आपोआपच पोचंल."

सगळे हसले. शोभा मात्र उठून आत गेली. लग्नाला चारच दिवस राहिले होते. त्या रात्री सुरेश खोक्यापुढं मापं सुधारत बसला.

*

हळदीच्या दिवशी शोभानं एक पातेलं आणून चाचांच्या मांडीवर ठेवलं. चाचांनी सवयीनं काठाखाली अंगठा फिरवला. थांबले. परत फिरवला. 'शो'च्या मात्रेला शेवटी ते एक बारीक गाठ द्यायचे, तिथं अंगठा रेंगाळला.

"अक्षर तर माझंच हाय," चाचा म्हणाले. "पण शोभे, हे मी टाकलं कधी?"

सुरेश सांगायला पुढं झाला. अप्पांनी त्याचा दंड धरला. वर्षभर येईल त्या गिऱ्हाइकाला तास-तास मशिनीची कहाणी ऐकवणारा माणूस! मला वाटलं, आता सुरू होणार.

अप्पा चाचांजवळ खाली बसले.

"परवाच की, चाचा. इसरलात व्हय?"