सरांच्या हाताला गुलाबी येईना

या सदराचे जुने वाचक मला ओळखत असतील. प्रत्येक अनुभवाखाली 'पुरावा काय?' असं विचारून लिहिणाऱ्याचा मूड घालवणारी ती मीच. आमच्या घोडपदेवच्या खोलीत देव्हारा नव्हता, पत्रकं होती. पप्पा आणि त्यांचे मित्र वाटायला घ्यायचे ती... गिरणी कामगारांच्या घरांची, फीवाढीची, बुवाबाजीविरुद्धची. मी अक्षरं जोडायला शिकले ती त्यांच्यावरच. शेजारच्या काकू दृष्ट काढायला आल्या की पप्पा त्यांच्या हातात एक पत्रक ठेवायचे आणि मिरच्या भाजीसाठी ठेवून घ्यायचे.

त्यामुळे भूत, बाधा, शक्ती यांवर माझा विश्वास कधी नव्हता आणि आजही नाही. पण मी जे पाहिलं ते पाहिलं. 'जे दिसलं तेच लिहायचं' हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याबद्दलचंच हे आहे.

त्यांना परुळेकर सर म्हणू या, खरं नाव देत नाही. परळला भोईवाड्याच्या बाजूला एक ज्युनिअर कॉलेज आहे, तिथे ते केमिस्ट्री शिकवतात. मी बारावीला त्यांच्या हाताखाली होते. एकदा प्रॅक्टिकलला मी मैत्रिणीचं रीडिंग बघून माझ्या पेपरवर तेच लिहिलं. सरांनी ते खोडलं, स्वतःचा डबा बाजूला ठेवला आणि मला सगळं पहिल्यापासून करायला लावलं. म्हणाले, "परमँगनेट कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तुझं नाही, माझं नाही, बोर्डाचं पण नाही. काय दिसतं ते लिही."

मी एम.एस्सी. केलं ते या वाक्यामुळे. नंतर सरांनीच बोलावून मला तिथे तासिका तत्त्वावर घेतलं. मी मुलांना तेच वाक्य सांगायचे, त्यांच्याच आवाजात. मुलं हसायची.

सायन्स न घेतलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. टायट्रेशन म्हणजे, खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं गरम द्रावण, वर ब्युरेटमध्ये... म्हणजे खुणा असलेल्या लांब काचेच्या नळीत... जांभळं परमँगनेट. ते थेंब थेंब खाली सोडायचं. पडलेला थेंब रंग हरवून बसतो, फ्लास्क पाण्यासारखा बिनरंगी राहतो. खालचं ऑक्झॅलिक संपलं की पुढच्या एका थेंबाने सगळ्या फ्लास्कला फिकट गुलाबी रंग चढतो आणि टिकतो. तिथे थांबायचं आणि किती परमँगनेट लागलं ते लिहायचं. एवढंच. यात मत नसतं, वशिला नसतो. म्हणून मला ते आवडतं.

गेल्या वर्षीची बारावीची बोर्डाची प्रॅक्टिकल. दुपारची बॅच. सकाळच्या बॅचला ऑक्झॅलिकचं द्रावण संपलं होतं, म्हणून सरांनी घाईत नवं केलं. ते जरा पातळ झालं असणार, पण त्याने काही बिघडत नाही. रीडिंग कमी येतं, इतकंच.

सानिका नावाची माझी विद्यार्थिनी खिडकीजवळच्या टेबलाला होती. भोईवाड्याच्या चाळीतली. लॅबमध्ये सगळ्यात आधी येणारी आणि टेस्ट ट्यूब धुऊन जाणारी. तिला बी.एस्सी. केमिस्ट्रीच करायचं होतं, तेही एका ठरावीक कॉलेजात, जिथे बारावीच्या मार्कांवरच प्रवेश मिळतो. दोन मार्क इकडेतिकडे झाले की नाव यादीबाहेर जातं, हे तिला पाठ होतं.

ती हळूच म्हणाली, "मिस, सगळ्यांचं दहा आलंय."

"तुझं?"

"आठ पॉइंट चार. तीनदा केलं."

"मग तेच लिही."

"सगळ्यांचं दहा आहे पण..."

"तुला काय दिसलं?"

तिने आठ पॉइंट चार लिहिलं. माझ्या सांगण्यावरून.

मग मी टेबलांवरून फिरले. सगळ्या पेपरांवर दहा, दहा, दहा. एक मुलगा मी वर्षभरात कधी पाहिलेला नव्हता. त्याची ब्युरेट रिकामी, पेपर भरलेला. मला म्हणाला, "मिस, हा नळ कुठल्या साइडला ओपन होतो?"

"तुझं रीडिंग तर लिहून झालंय की रे."

"हो, पण एक्स्टर्नल मॅडम बघतायत. थोडं करून दाखवायला नको?"

"दहा कुठून आलं?"

"ग्रुपवर. सरांनी क्लासवाल्यांना दिलं, त्यांनी आम्हाला टाकलं." माझा चेहरा बघून म्हणाला, "का, चेंज झालं का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दादरच्या एका मोठ्या क्लासची पोरं आमच्या कॉलेजात फक्त नावाला असतात. दोन वर्षं लॅबचं तोंड बघत नाहीत. त्यांना पूर्ण मार्क कसे मिळतात हा प्रश्न मला पडायचा. त्याचं उत्तर सर असतील, हे मात्र स्वप्नातही नव्हतं. आणि आमच्या रोज येणाऱ्या पोरांनी 'दहा' ऐकलं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोडून टाकलं.

सर वजनकाट्याच्या खोलीत चष्मा पुसत होते.

"सर, रीडिंग तुम्ही दिलंत?"

"आवाज खाली."

"दिलंत का?"

"कॉलेज चालायला पोरं लागतात. पोरं क्लासवाले देतात. तुझे तास कुठून येतात असं वाटतं तुला?" मग एकदम घरचा सूर लावला. आमची दोघांचीही मुळं मालवणकडची, एकटे असलो की ते असंच बोलायचे, मला चेडवा, म्हणजे पोरी, म्हणायचे. "चेडवा, तुका अजून काय कळाचा नाय."

त्यांनी ओरडून नाकारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते समजावत होते... जसं मला टायट्रेशन समजावलं होतं, तितक्याच मायेने.

मी म्हटलं, "नवं द्रावण पातळ झालंय. खरं रीडिंग आठ-चार आहे. तुम्ही दिलेला आकडाच चुकलाय, सर."

त्यांनी चष्मा चढवला आणि लॅबकडे निघाले.

पेपर तपासताना सानिकाचा पेपर वर आला. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमना घरी जायची घाई होती. सर त्यांना म्हणाले, "ही एकटीच चुकली. रीडिंगचे मार्क कापा." सानिका दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. ती रडली असती तर सोपं गेलं असतं. ती नुसती बघत होती, मी काय करते ते.

मी म्हटलं, "मॅडम, करून बघू या. सरांनीच करावं."

सर हसले. बाह्या दुमडल्या. "बघ हां, दहाला रंग येतो की नाही." पिपेटने मोजून ऑक्झॅलिक घेतलं, सोबत लागणारं सल्फ्युरिक अ‍ॅसिड टाकलं, गरम केलं. त्यांच्या हातात आजही ती सफाई आहे, हे लिहिताना मला त्रास होतो. थेंब पडू लागले.

आठ-चार गेलं. फ्लास्क बिनरंगीच. मला वाटलं, हरले मी. दहा आलं... बिनरंगीच. सरांनी आणखी सोडलं. मॅडम म्हणाल्या, "सर, जास्त होतंय ना?" सरांनी नळ पूर्ण उघडला. जांभळी धार सरळ खाली पडत होती आणि फ्लास्कमध्ये पोचली की नाहीशी होत होती. ब्युरेट रिकामी झाली. इतकं परमँगनेट त्या चिमूटभर ऑक्झॅलिकमध्ये मुरणं शक्य नाही. हा माझा तर्क नाही, साधा हिशेब आहे. सरांनी ब्युरेट पुन्हा भरली, पुन्हा सोडली. फ्लास्क गळ्यापर्यंत भरत आला. पाण्यासारखा स्वच्छ.

"सर, थांबा," म्हणत मी फ्लास्क घेतला. ब्युरेटमध्ये थोडं उरलं होतं. एक थेंब सोडला.

पूर्ण फ्लास्क गुलाबी झाला. फिकट, स्वच्छ... पुस्तकात लिहितात तसा. मी हलवला, टिकला. मनात तीस मोजले, टिकला.

सरांनी तो माझ्या हातातून घेतला. आणि आम्ही चौघांनी पाहिलं: आधी त्यांच्या बोटांच्या बाजूचा रंग गेला, मग मधला, मग सगळा. त्यांनी फ्लास्क पांढऱ्या टाइलवर ठेवला तेव्हा त्यात काही नव्हतं.

"सानिका, तू टाक," मी म्हटलं. तिने भीतभीत एक थेंब सोडला. गुलाबी. सरांनी हात पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेतला.

मला वाटलं, आता ते बोलतील. याच माणसाने मला सांगितलं होतं, परमँगनेट कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ते त्यांच्यासमोर बोलत होतं, मी तरी असंच म्हणेन. सरांनी रुमालाने एकेक बोट पुसलं.

"सोल्युशन खराब आहे," ते म्हणाले. "मॅडम, दहाच धरू या. सगळ्यांचं दहा आहे."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फ्लास्ककडे. सानिकाचा पेपर ओढून घेतला. "हिचं आठ-चार मी बरोबर धरते. बाकीचं तुमचं तुम्ही बघा. मला इथे बसायचं नाही." आणि खरोखरच सह्या करून, चहा तसाच ठेवून गेल्या. सानिकाला मार्क मिळाले. दहावाल्यांनाही मिळाले. रिकाम्या ब्युरेटवाल्यालाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळं तपासलं, कारण मी ती 'पुरावा काय' वाली आहे. तोच फ्लास्क, तीच ब्युरेट, तेच पाणी, तेच सल्फ्युरिक, तेच ऑक्झॅलिक. प्रत्येक वेळी आठ-चार. सरांच्या हाताला काही लागलं असेल म्हणावं, तर ते फ्लास्कच्या आत कसं जाईल? आत गेलंच असेल, तर माझ्या एका थेंबाला रंग कसा टिकला? केमिस्ट्रीच्या तीन मित्रांना विचारलं. दोघांनी द्रावण खराब म्हटलं, तिसऱ्याने मला झोप घ्यायला सांगितलं.

मी रीतसर तक्रार केली, फुटलेल्या रीडिंगची. फ्लास्कबद्दल त्यात लिहिलं असतं तर सगळी तक्रारच हसण्यावारी गेली असती, म्हणून ते इथे लिहितेय. तक्रारीचं उत्तर आलं नाही. जूनच्या टाइमटेबलमध्ये माझं नाव नव्हतं.

सानिका मध्यंतरी लालबागला भेटली. हवं ते कॉलेज मिळालंय. तिच्या चाळीतली एक मुलगी आता सरांच्या वर्गात आहे. ती सांगते की सर टायट्रेशन दाखवत नाहीत. मुलांना करायला लावतात आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभे राहतात.

मी माझं सामान घ्यायला गेले होते तेव्हा सर जिन्यात भेटले. मी बाजूने निघाले. मागून हळू आवाज आला.

"तुझ्या हातात रवलो मा रंग?"

"हो सर. राहिला."

"बरा झाला," ते म्हणाले आणि वर गेले.

तो रंग माझ्या हातात का राहिला आणि त्यांच्या हातात का गेला, मला आजही सांगता येत नाही. आणि तो जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनसुद्धा त्यांनी दहाच का धरलं... तेही नाही.