रंगाखालचा बोल्ट

राग नाकावर असतो म्हणतात. पण वायरमनचा राग नाकावर मावायचाच नाही. तो आवाजात असायचा, कपाळावर असायचा, पाना आपटण्यातही असायचा. मात्र गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही, हा त्याचा नियम. दिवा मंद दिसला की डोळे मिटून बॅटरी बदलणाऱ्यांचा तो उद्धार करायचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणायचा. खरंच होतं ते.

आणि असल्या माणसानं स्वतःचा नियम मोडावा तो सख्ख्या बहिणीच्या गाडीवर!

त्याच्या दुकानाला लागूनच धाकट्या भावाचं गाड्या रंगवायचं दुकान होतं. मधे पत्र्याची भिंत. रंगाचा फवारा उडून व्होल्ट मोजायच्या मीटरच्या काचेवर बसतो, एवढ्यावरून तीन वर्षांपूर्वी दोघांची जुंपली आणि बोलणं बंद झालं. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा, असे दोघे हट्टी. पण गिऱ्हाइकं बरीचशी सामाईक, तेव्हा निरोप चिठ्ठीवर लिहून गाडीच्या वायपरखाली अडकवायची रीत पडली. पिकल्या केसांचे दोन बाप्ये, मधे हातभर पत्रा, आणि टपाल चालू.

ताई दोघांहून थोरली. दवाखान्यात नर्स होती. उजाडायच्या आत घर सोडायचं आणि लांबलचक अंधाऱ्या बोगद्यातून जायचं, हा तिचा रोजचा रस्ता. महिन्यापूर्वी तिच्या गाडीचा पुढचा पत्रा चेपला. तो धाकट्यानं सरळ करून, रंगवून दिला. तेव्हापासून दिवे मंदावले. तिनं वायरमनला सांगितलं, तर तो तिच्यावरच उखडला. गाडी त्याच्याकडे नेलीसच कशाला, म्हणाला. मीटर न लावता त्यानं जास्त ताकदीचे बल्ब कोंबले आणि तिला वाटेला लावलं.

आज सकाळी ताई दवाखान्यात न जाता थेट दुकानात आली. बोगद्यात रस्ता झाडणारी एक बाई तिला दिसली ती पार जवळ गेल्यावर. ब्रेक लागला, बाई वाचली, तिचा झाडू मात्र चाकाखाली गेला. सांगताना ताईनं आवाज चढवला नाही, आणि त्यामुळेच वायरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंगाऱ्यानंच वाट लावली असणार, असं पुटपुटत त्यानं बॉनेट उघडलं.

या वेळी मीटर निघाला. इंजिन चालू, बॅटरीवर चौदा व्होल्ट, म्हणजे चार्जिंग ठणठणीत. बल्बपाशी मात्र जेमतेम अकरा. तीन व्होल्ट वाटेत कोण खातंय? येणारी वायर तपासली, ती निर्दोष. मग त्यानं बल्बच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक सुटी वायर धरली आणि दोन्ही दिवे एकदम लख्ख झाले. अर्थिंगची वायर ज्या बोल्टला होती, तो चाकावरच्या, धाकट्यानं रंगवलेल्या पत्र्यात होता. बोल्ट खोलला. खाली उघडा पत्रा हवा, तिथे सुबक, चकचकीत मरून रंग. रंगातून करंट जाणार कसा? त्यात वायरमनच्या बल्बांनी जास्त करंट मागून दिवे होते त्याहून मंद करून ठेवले होते.

बोल्ट मुठीत घेऊन तो तीन वर्षांत पहिल्यांदा पत्र्यापलीकडे गेला. मागोमाग ताई. त्यानं धाकट्याला तोंडाला येईल ते ऐकवलं. आंधळा म्हणाला, पोचारे मारणारा म्हणाला, बहीण खुनी ठरली असती म्हणाला. धाकट्यानं रंगाचा फवारा खाली ठेवला.

मग तो म्हणाला, "दादा, मी विचारलं होतं. बोल्टखालचा पत्रा उघडा ठेवायचा का, अशी चिठ्ठी रंगवायच्या आधी वायपरखाली लावली होती. तू न वाचता चुरगाळून टाकलीस. मी बघत होतो."

वायरमनला ते आठवलं. आता राग काढायचा कुणावर? समोर भाऊ होता, पण राग स्वतःचाच येत होता, आणि असा राग कुठे आपटायचा हे त्याला माहीत नव्हतं.

"आणि तू?" ताईनं धाकट्याकडे वळून विचारलं. "बघत होतास, मग तोंड उघडलं नाहीस? मला तरी सांगायचंस." धाकट्यानं पॉलिश पेपर उचलला आणि तो गाडीकडे निघाला.

वायरमननं परत येऊन पॉलिश पेपरनं रंग खरवडला, पांढरा पत्रा दिसेपर्यंत, आणि बोल्ट आवळला. जुने बल्ब परत घातले. मीटरवर साडेतेरा आले. झालं ताई, म्हणत तो हात धुवायला निघाला.

"नंतर धू," ताई म्हणाली. "ती बाई अजून बोगद्यातच झाडत असेल. गाडीत बसा, दोघंही. तिच्यासमोर उभं राहून सांगा, दिवे मंद का होते ते."

वायरमन म्हणाला, दुकान उघडं आहे.

"असू दे," ताई म्हणाली आणि तिनं गाडी सुरू केली.

धाकटा मागे बसला. वायरमन काळ्या हातांनीच पुढे बसला, आणि त्या बाईला पहिलं वाक्य काय सांगायचं ते त्याला बोगद्यापर्यंत सुचलं नाही.